घोडीपुढची तोंडी परीक्षा

“ऊती म्हणजे काय?” परीक्षक बाईंनी पुन्हा विचारलं. आवाजात इतकी माया होती, की गप्पूला आणखीच घाम फुटला.

चार वाक्यं सलग बोलताना त्याला कुणी ऐकलं नव्हतं, म्हणून जनावरांच्या दवाखान्यात त्याचं नाव गप्पू. गोठे आणि पिंजरे धुता धुता त्याचे केस पिकले. ही परीक्षा पास झाला तर तो ड्रेसर होणार होता. जखमा धुणार, औषध लावणार, पट्ट्या बांधणार. लेखी पेपर दर वेळी झकास जायचा. तोंडी परीक्षेत मात्र मागच्या दोन्ही खेपांना त्याची दातखीळ बसली होती. आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटचीच खेप.

“अहो, येतंय ना सगळं?” सकाळी त्याची कॉलर नीट करताना बायको म्हणाली होती. “मग तोंड उघडा. नुसते डोळे मिचकावलेत तर त्यांना काय कळणार?”

येत होतं, हे खरंच. पिंजरे धुताना तो धडे मोठ्यानं म्हणायचा. आजारी कुत्री आणि लंगडी वासरं निमूट ऐकून घ्यायची. चुकलं तरी कुणी हसायचं नाही.

“राहू दे,” दुसरे परीक्षक, म्हणजे दवाखान्याचे मोठे डॉक्टर, खुर्ची सरकवून उठले. “गोठ्यात चला. जनावरावरच विचारतो.”

गोठ्यात एक तांबूस घोडी बांधलेली होती. तारेत अडकून तिचा मागचा पाय चिरला होता.

“या जखमेत काय काय दिसतंय, सांगा.”

गप्पूनं तोंड उघडलं. मिटलं. घोडीनं मान वळवून त्याच्या खांद्याला नाक घासलं. आणि गप्पूनं चक्क परीक्षकांकडे पाठ फिरवली.

“घाबरू नकोस, पोरी,” तो घोडीला म्हणाला. “सांगतो तुला काय झालंय ते. एकच काम करणाऱ्या पेशी एकत्र आल्या, की झाली ऊती. तुझं हे वरचं कातडं आहे ना, त्याचा वरचा थर म्हणजे अभिस्तर ऊती. तुझं छप्परच म्हण. ते फाटलंय. त्याखाली संयोजी ऊती, सगळ्यांना सांधून धरणारी. आमच्या घरात बायको करते, तेच काम. आणि हे लाल मांस म्हणजे स्नायू ऊती. तू लाथ मारतेस ती हिच्या जोरावर. आत्ता मारू नकोस.”

“अहो, उत्तरं आम्हाला द्यायची!” बाई म्हणाल्या. “हे तर आमच्याकडे पाठ करून उभे आहेत!”

“असू द्या,” डॉक्टर हसू दाबत म्हणाले. “घोडीची काही तक्रार नाही. गप्पू, तिला चेता ऊतीचंही सांगा.”

गप्पूनं जखमेच्या खाली बोटानं हलकेच टोचलं. घोडीनं पाय झटकन उचलला.

“बघ, कळलं ना तुला? म्हणजे निरोप पोचवणारी चेता ऊती शाबूत आहे. स्नायू हाडाला बांधणारी दोरी, म्हणजे स्नायुरज्जू, तीही तुटलेली नाही. नाहीतर असा पाय टेकून उभी राहिली असतीस का, शहाणे?”

आता बाईही पुढे सरकल्या. “आणि संधिदाह म्हणजे?”

“शब्दाच्या शेवटी दाह आला, की सूज, लाली, ऊब आणि ठणका,” गप्पू म्हणाला. “सांध्याचा तो संधिदाह, कासेचा तो स्तनदाह. हिचा सांधा थंड आहे, सूजही नाही. तेव्हा संधिदाह नाही, बाई.”

हे उत्तर आपण बाईंच्या डोळ्यांत बघून दिलं, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. बाईंच्या आलं.

“पास,” त्या म्हणाल्या. “अगदी थाटात पास!”

डॉक्टरांनी हातमोजे पुढे केले. “घाला. हिची पट्टी तुम्हीच बांधा.”

संध्याकाळी बायको दवाखान्याच्या फाटकाशी ताटकळत उभी होती. त्याला येताना पाहून तिनं नुसत्या भुवया उंचावल्या.

“अगं, झालो! पास झालो!” तो लांबूनच ओरडला, आणि जो सुटला तो सुटलाच. घोडी कशी उभी राहिली, बाई कशा चिडल्या, पट्टीची गाठ कुठे मारली. वाटेत तिला ‘हो का?’ म्हणायलाही फट मिळाली नाही. दाराशी आले तरी त्याचं चालूच होतं. तिनं किल्ली काढली. पण कुलूप उघडलं नाही. किल्ली हातात धरून ती ऐकत उभी राहिली.