मायनस साडेसात

"बाबा, तिथे पाण्याखाली बघायचे मास्क भाड्याने मिळतात," मोबाइलमधून मान वर न काढता लेक म्हणाली. "हा जुना कशाला नेताय?"

टेबलावर बेटाचा नकाशा, बोटीच्या वेळा आणि बायकोने केलेली यादी पसरली होती. टोपी, पोहण्याचे कपडे, बोट लागू नये म्हणून गोळ्या. मी स्टुलावर चढून कपाटाच्या वरच्या फळीवरून मास्क काढला होता आणि दुकानात पुसतो तशा त्याच्या काचा पुसत होतो.

"आईच्या नंबरचा मिळतो का भाड्याने?" मी विचारलं. चष्म्याच्या दुकानात चौतीस वर्षं काढलेला माणूस असं विचारतो तेव्हा त्याला उत्तर नको असतं, कौतुक हवं असतं.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी ते बेट आम्ही एका कॅलेंडरवर पाहिलं. निळं पाणी, खाली प्रवाळ, पिवळे मासे. मी हुरळून गेलो.

"जाऊन करू काय?" ती म्हणाली. "चष्मा काढला की तुम्ही आणि विजेचा खांब मला सारखेच."

मला झोंबलं. आठ दिवसांत मास्क आणून तिच्या नंबरची भिंगं घासली आणि आतून बसवली. तेव्हा मायनस पाच होता. तिने पाण्याच्या बादलीत तोंड बुडवलं, तळाशी टाकलेलं शर्टाचं बटण पाहिलं आणि अशी ओरडली की शेजारीण धावत आली.

मग माझ्या आईला अर्धांगवायू झाला. मग लेक झाली, तिच्या शाळा, तिच्या परीक्षा. आमच्या बेटाचं घोडं दरवर्षी कुठेतरी पेंड खायचं. नंबर मात्र थांबायला तयार नव्हता. सहा झाला, मी भिंगं बदलली. साडेसहा, पुन्हा बदलली. शेवटी साडेसात. गिऱ्हाइकं ताटकळत बसायची आणि मी न झालेल्या सहलीच्या काचा घासत असायचो. तेव्हा मी फार सुखात होतो, हे आता कळतं.

लेकीने मोबाइल खाली ठेवला. "बाबा," ती हळूच म्हणाली, "आईला आता नंबर कुठाय?"

गेल्या वर्षी बायकोच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. आत नवी भिंगं बसली आणि जन्माचा चष्मा सुटला. लांबचं तिला माझ्यापेक्षा स्वच्छ दिसतं. दुकानात येईल त्याला मीच हे सांगत सुटलो होतो. आणि मास्कला नवा पट्टा लावताना, काचा पुसताना ही एवढीशी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मी फडक्याची घडी करून ते मास्कशेजारी ठेवलं.

"आणा इकडे," बॅग भरता भरता बायको म्हणाली. तिने मास्क चढवला आणि खोलीभर नजर फिरवली.

"काय दिसतंय?"

"काही नाही. सगळं पुसट." मग माझ्याकडे वळून ती थांबली. "अय्या! अहो, तुमच्या सुरकुत्या गेल्या की!"

लेक खो खो हसली. मीही हसलो.

"हा यादीत लिही गं," बायको लेकीला म्हणाली. "मासे मी भाड्याच्या मास्कातून बघीन. हा यांच्याकडे बघायला."

लेकीने गोळ्यांच्या खाली लिहून घेतलं. बायकोने मास्क अजून काढला नव्हता.