द्वारकाबाईची फुकट बस

करीमनगरला दिलेल्या पुनमनं फोनवर सांगितलं, "आई, इकडंच ये राहायला. तेलंगणात बायांना बस फुकट हाय!"

जवळा बाजार गावाहून एसटीनं अर्ध्या तिकिटावर फिरणाऱ्या द्वारकाबाईनं लगेच पिशवी भरली. तिथल्या कंडक्टरनं मात्र आधार कार्डावरचा महाराष्ट्राचा पत्ता पाहून पुरं तिकीट फाडलं. भाजी महाग; जावयाच्या घरी किती दिवस राहावं, तर खोलीचं भाडं त्याहून महाग. मोठी तकलीफ म्हणजे सरकारला शिव्या घालाव्यात, तर तेलुगू येत न्हाई!

आठवड्यात ती परतली. बाजारात भाजीवाल्या मकबूलनं भेंडीचा भाव सांगताच कडाडली, "काहून रे, मंत्र्याचा साडू लागतोस का?"

"आलात व्हय मावशी!" म्हणत मकबूलनं मूठभर भेंडी जास्त टाकली. द्वारकाबाईचा जीव भांड्यात पडला.