नमुन्याची फाईल

मायच्या फोनमधली ती फाईल एकशे बारा एमबीची होती आणि कशानेही उघडत नव्हती. दुसरा प्लेअर टाकून पाहिला, फाईलचं नाव बदलून पाहिलं, लॅपटॉपवरच्या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ओढून पाहिली. सगळीकडे एकच उत्तर आलं, फाईल खराब आहे. माय जाऊन अडीच महिने झाले होते. फाईलवरची तारीख ती दवाखान्यात भरती झाली त्याच्या आदल्या दिवसाची होती.

आत काय असणार हे मला ठाऊक होतं. हळदीच्या वेळी बायका नवरदेवाकडच्या पुरुषांना नावं ठेवत गाणी म्हणतात. मायला ती सगळी पाठ होती. ‘एकदा रेकॉर्ड करून ठेव,’ असं मी नागपूरहून तीन वर्षं फोनवर सांगत होते. तिने केलं, आणि मधेच फोन बंद पडला.

तिरोड्याला योगराजभाऊंचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान आहे. मी गेले तेव्हा ते कुणाचं तरी लग्न कापत बसले होते.

‘या नवरदेवाचा बाप म्हणते, पोराचं टक्कल घालवा,’ ते म्हणाले. ‘तुमचं काय, ताई?’

त्यांनी फाईल पाहिली. ‘मेली नाही ही. फोन रेकॉर्डिंग करत जाते, अन् कोणतं चित्र कुठं, कोणता आवाज कुठं, याची यादी एकदम शेवटी लिहिते. बटन दाबून बंद केलं तं यादी होते. बॅटरी गेली तं राहून जाते. माल पुरा आहे, यादी नाही.’

‘अनुक्रमणिका नसलेलं पुस्तक.’

‘पुस्तक कायचं? सुटी पानं. बिना नंबरची.’

उपाय होता. त्याच फोनने काढलेला दुसरा, धड व्हिडिओ द्यायचा. सॉफ्टवेअर त्या नमुन्याची मांडणी पाहून मोडक्या फाईलची पानं जुळवतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले चालत नाहीत. पण मायच्या फोनमध्ये बारशांचे आणि सुप्रभातच्या फुलांचे आलेलेच व्हिडिओ होते. तिने स्वतः काढलेला हा पहिलाच.

‘मंग आता काढा. फोन तं जिवंत आहे ना?’ योगराजभाऊ बोलून गेले आणि मग उगाच माऊस पुसू लागले.

घरी येऊन मी अंगणाचा पाच मिनिटं व्हिडिओ काढला. कोंबड्या, कुंपण, लांबवर वीज केंद्राच्या चिमण्या. दुसऱ्या दिवशी त्या नमुन्यावर मायची फाईल चढवली, तर पडद्यावर हिरवे पट्टे आले आणि पत्रा ओढल्यासारखा आवाज.

‘सेटिंग कोणती ठेवली?’

‘सगळ्यात चांगली.’

‘कोणी सांगितलं होतं?’

‘कुणी नाही. मला वाटलं...’

‘शिकलेली माणसं पहिले सगळ्यात वरचं बटन दाबते. ताई, मायची सेटिंग पाहिजे ना.’

जुनी सेटिंग मी बदलताना पाहिलीही नव्हती. पण माय साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवून वापरायची. मेमरी भरेल या धाकाने तिने काय निवडलं असेल, हे मला शोधावं लागलं नाही.

‘सगळ्यात खालची,’ मी म्हणाले.

‘काढून आणा. अन् या वेळी कोंबड्या नको. बोलता माणूस पाहिजे. आवाज चढला-उतरला तं चांगलं जुळते.’

घरात माणूस एकच होता, माझे वडील; आणि अडीच महिन्यांत बाबुजी लागेल तेवढंच बोलत होते. मी फोन डब्याला टेकवून त्यांच्यासमोर ठेवला.

‘पाच मिनिटं बोला, बाबुजी.’

‘काय बोलू?’

‘काहीही. धान कसं आहे?’

‘चांगलं आहे.’

‘अजून बोला.’

‘मी का पुढारी आहो, बाई?’

मला दुसरं काही सुचेना. ‘माय रेकॉर्डिंग करत होती त्या दिवशी काय झालं?’

ते माझ्याकडे न पाहता फोनकडे पाहून बोलू लागले. ‘मले म्हणे, बाहेर जा. पंचेचाळीस वर्षं झाली लग्नाले, अन् म्हणे तुमच्यासमोर शरम लागते. मी घरामागच्या बोरवर जाऊन बसलो.’ त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ‘फोन चार्जिंगले मीच लावत होतो. बोर्ड उंच आहे, तिचा हात नाही पुरत. त्या दिवशी प्लग लावलो अन् बटन नाही दाबलो. संध्याकाळी पाहिलो तं बटन वरच. तिले नाही सांगितलो. म्हटलं उद्या भरून देतो, पुन्हा म्हणंल. उद्या तं दवाखानाच झाला.’

पाच मिनिटं होऊन गेली होती. मी फोनला हात लावला नाही.

तोवर ती गाणी मला माझ्यासाठी हवी होती. आता फाईल उघडली नाही तर बाबुजींचं काय, याची भीती वाटू लागली.

सकाळी बाबुजी इस्त्रीचा शर्ट घालून स्कूटरजवळ उभे होते. ‘मी पण येतो,’ एवढंच म्हणाले.

या वेळी फाईल जुळली. चित्र चाळीस सेकंद चाललं आणि थांबलं. माय पदर सावरताना, डोळे अर्धे मिटलेले. आवाज मात्र पुढे चालू राहिला.

‘सुरू झालं का हे? तुम्ही गेले ना? दाराआड नका राहू.’ मग खाकरून तिने पहिलं गाणं म्हटलं. दुसऱ्यात नवरदेवाच्या बापाची पाळी आली.

‘हे तं माह्या बापाचं नाव घेऊन राहिली!’ बाबुजी म्हणाले. योगराजभाऊंनी तोंडावर रुमाल धरला.

तिसऱ्या गाण्यात माय मधेच थांबली. ‘बॅटरी लाल झाली म्हणते हा फोन.’ बांगड्यांचा आवाज आला. ‘जाऊ दे. ह्यायले बोलावलं तं इथंच बसतीन अन् सगळं ऐकतीन. होते तेवढं होते.’ पुढच्या दोन ओळी झाल्या आणि आवाज तुटला.

बाबुजी खुर्चीतून उठले. मग एकदम चढ्या आवाजात म्हणाले, ‘पाह्यलं तिनं! पाहून नाही बोलावलं!’

‘काकाजी, पाणी...’ योगराजभाऊ म्हणाले.

‘तू थांब रे बापू. जिंदगीभर हेच केलं तिनं. सांगाचंच नाही कोणाले.’ ते थांबलेल्या चित्राकडे बोट करून तिलाच रागावत होते. ‘एक आवाज देला असता तं का झालं असतं? कानात बोटं घालून आलो असतो. बटन दाबून चालला गेलो असतो.’