जावईबापूंचे दोन निळे मॉड्यूल

जावयानं सासुरवाडीत राहावं, पण किती? प्रेमलाल सोमवारी गोंदियाहून आला तो हलायचं नावच घेईना. वर येईल-जाईल त्याला सांगायचा, "मॉड्यूल म्या आनले, एकदम जोडीचे!" आणि ते मॉड्यूल लावल्यापासून किरनापूरचं नेट बंद.

दुर्गाबाईंना यातलं काही उमगेना. लेकाचा, गजेंद्रचा, बालाघाटात नेटचा धंदा. इथून किरनापूरपर्यंत काचेची तार, दोन्ही टोकांना एकेक पेटी, पेटीच्या भोकात बोटाएवढा मॉड्यूल. जुने वीज पडून जळाले, म्हणून जावयानं हौसेनं नवे आणून दिले. गजेंद्र आधी म्हणाला तार तुटली. मग म्हणाला पेटी बिघडली. मग उंदरावर आला. आज पुन्हा खांबावर चढायला शिडी काढत होता, तेवढ्यात किरनापूरच्या राइस मिलवाल्या भैयालालचा फोन आला: संध्याकाळपर्यंत चालू झालं नाही तर तो दुसऱ्या कंपनीचं घेणार. आणि भैयालाल गेला की अख्खी वस्ती त्याच्यामागं.

दुर्गाबाईंनी शिडीच धरली. "खरं सांग. तार हाय का उंदीर?"

गजेंद्रनं बैठकीकडं पाहिलं, आवाज खाली घेतला. "काहीच नाही माय. दोन्ही मॉड्यूल निळे हायेत. एक निळा, एक पिवळा पाह्यजे होता."

"रंगानं का होते? लुगडं हाय का?"

"रंग नुसती खूण. एकाच तारेतून जानं-येनं हाय. निळा जे बोलते ते पिवळ्यालेच ऐकू येते. आता दोघंही बोलूनच राह्यले, ऐकत कोनीच नाही."

"भोकात बसले ना बराबर?"

"हौ, बसले."

"मंग चालत काहून नाही?"

त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. दुर्गाबाईंचं डोकं आणखीच गरगरलं.

"तुले कवा समजलं हे?"

"लावले तवाच."

"अन् खांबावर काय माकडावानी चढून राह्यला?"

"जावईबापूले कसं सांगू? तूच म्हनते, जावयाची वस्तू नाकारू नये."

दुर्गाबाई जावयाशी कधी समोरासमोर बोलत नसत. दाराआडून, लेकीच्या तोंडून. आज पदर डोक्यावर ओढून थेट बैठकीत गेल्या. प्रेमलाल पोह्यांवर लिंबू पिळत होता.

"दुकानदारानं कोनते देल्ले होते?"

"एक निळा, एक पिवळा देऊन राह्यला होता, आई!" प्रेमलाल खुशीत म्हणाला. "मी काही येडा नाही. म्हनलं, भाऊ, जोडी म्हंजे सारखीच दे."

मागं गजेंद्रनं कपाळाला हात लावला. दुर्गाबाईंनी पोह्यांची ताटली उचलली.

"जावईबापू, जे बसते ते चालत काहून नाही, मले अजून समजलं नाही. पन त्यानं बराबर देल्लं अन् तुमी शहानपना केला, एवढं समजलं. तुमचा मान माह्या घरात हाय, त्या पेटीत नाही. उठा. इथला निळा काढून घ्या, गोंदियाची गाडी पकडा अन् पिवळा घेऊन या. पोहे वापस आल्यावर."