बाहेरची हवा

"कबूल कर! तू तोंड उघडल्याशिवाय तो गाडी सोडणार नाही!"

महाराज गरजले आणि आमच्या इमारतीच्या आवारात जमलेली गर्दी दचकून मागे सरली. गच्च्या भरल्या होत्या, जिने भरले होते, माझ्या तळमजल्यावरच्या दवाखान्यातले पेशंटसुद्धा खोकला विसरून फाटकाशी उभे होते. मध्ये ती जुनी डिझेल गाडी, बॉनेट उघडं. महाराजांचे हात कोपरापर्यंत आत, आणि वरून दोन शिष्यांनी ताणून धरलेली चादर. शक्तीचं काम उघड्यावर होत नाही म्हणे.

गाडीत चावी धरून बसली होती ती, ज्यांची ही गाडी त्या घरची सून. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता, तीही महाराजांचीच आज्ञा. ती चावी फिरवायची, इंजिन घुर्र घुर्र करत गरगरायचं, पण चालू व्हायचं नाव घेत नव्हतं.

याच सीटवर महिन्यापूर्वी तिचा नवरा गेला. सकाळी छातीत कळ आली, तसा तो कसाबसा खाली उतरून गाडीत बसला. हॉस्पिटल दोन चौक पलीकडे. ही रुग्णवाहिकेला फोन करत, दिसेल त्याचं दार ठोठावत होती आणि तो चावी फिरवत होता. लोक धावत येईपर्यंत त्याची मान स्टिअरिंगवर पडली होती, हात मात्र चावीवरच होता. मी तेव्हा नेमकी परगावी होते.

तेव्हापासून महाराजांचा निकाल ठरलेला. तिच्या नवऱ्याचा आत्मा गाडीत अडकलाय, कारण बायकोनं त्याला तळतळाट दिला. तिचा खरा गुन्हा निराळाच होता. महाराज घरात यायला लागले, तेव्हाच ती सगळ्यांसमोर म्हणाली होती, "हा माणूस लबाड आहे."

"गाडी म्हणजे काय?" महाराजांनी गर्दीकडे पाहून सूर लावला. "लोखंडाचा देह! देहाला प्राण, तसा गाडीला प्राण. इथे प्राण अडवून बसलंय हो कुणीतरी!"

"खरंय," गर्दी पुटपुटली. हे वाक्य महाराज फ्रीज बिघडला असता तरी बोलले असते, पण तसं म्हणणार कोण?

"बोल! कुणी घालवलं त्याला?"

सुनेनं सासूकडे पाहिलं. सासूच्या कडेवर नात होती आणि सासू नजर वळवत नव्हती.

"मी," सून म्हणाली. "मीच. बास आता."

चादरीखाली महाराजांचे खांदे भराभर हलले. "फिरव चावी!"

गाडी धडधडली, काळा धूर सोडला आणि चालू झाली. बायका रडायला लागल्या, म्हातारे डोळे पुसायला लागले. महाराजांनी विजयानं सुनेच्या कपाळावर हात ठेवला आणि त्याच क्षणी ती सीटवरून खाली कोसळली. "गेला, गेला, मुक्त झाला!" महाराज म्हणाले. मी म्हटलं, "साखर उतरली असेल तिची. व्हा बाजूला."

दवाखान्यात तिला सलाईन लावलं. नळीतले हवेचे बुडबुडे टिचकी मारून घालवले आणि मग ओल्या कापसानं तिचं कपाळ पुसलं. कापूस काळा झाला. मी नाकाशी धरला, तर डिझेलचा भपकारा.

इंजिनावर नुसता हात ठेवला तर काजळी लागेल, पण आशीर्वादाच्या हाताला डिझेल कसं लागलं?

ती शुद्धीवर आली तेव्हा म्हणाली, "डॉक्टर, उद्या माझा भाऊ येतोय न्यायला. मला जावं लागणार, तेही पोरीला इथेच ठेवून. ज्या बाईनं नवरा खाल्ला तिच्याजवळ मूल नको, असं महाराजांनी सांगितलंय. आणि आता तर मी कबूलच केलंय ना."

"का केलंस?"

"पोरगी रडत होती. मला ते संपवायचं होतं."

मला इतका संताप आला की तिच्यावरच ओरडले असते. त्याऐवजी मी त्यांच्या मेकॅनिकचा नंबर मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला, बॅग खाली आली. सासूबाईंनी खात्री करायला चावी फिरवली. घुर्र घुर्र. गाडी पुन्हा रुसलेली. महाराजांना बोलावणं गेलं, गर्दी पुन्हा जमली.

"अवदसा अजून घरातच आहे, मग दुसरं काय होणार?" महाराजांनी बाह्या सरसावल्या. "धरा रे चादर!"

"चादर राहू दे," मी म्हटलं. "आणि महाराज, आज हात खिशात ठेवा. शक्ती तुमच्या तोंडात आहे ना? मंत्र तिथूनच म्हणा."

"अविश्वासी माणसासमोर शक्ती येत नाही."

"काल मी इथेच होते आणि अविश्वासीच होते. काल कशी आली?"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. महाराजांनी मग लांबूनच मंत्र म्हटले, हातवारे केले, डोळे फिरवले. भाऊ चावी फिरवत राहिला. गाडी ढिम्म.

तेवढ्यात मेकॅनिक पोचला. चिडका माणूस, दुपारच्या जेवणावरून उठवल्याचा राग तोंडावर. मी त्याला माझ्या सक्शन मशीनची स्वच्छ पारदर्शक नळी दिली.

"ही कशाला?"

"सलाईनच्या नळीत हवा शिरली तर मला दिसते. तुमची रबरी नळी काळी, त्यात काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही. सगळ्यांना दिसू दे."

त्यानं माझ्याकडे जरा निराळ्या नजरेनं पाहिलं आणि कामाला लागला. डिझेलच्या फिल्टरवर मुठीत मावेल एवढा हातपंप असतो. फिल्टरच्या पुढची रबरी नळी काढून त्यानं माझी नळी बसवली आणि तो पंप दाबायला सुरुवात केली. नळीत फेसच फेस आला. बुडबुड्यामागून बुडबुडे, मध्ये कुठे डिझेलचा तुकडा. लोक वाकून बघायला लागले. दाबत राहिल्यावर बुडबुडे कमी झाले, नळी डिझेलनं भरली.

"मारा स्टार्टर."

गाडी चालू झाली. कुणी काहीही कबूल केलं नव्हतं.

"चादरीखाली हेच चालायचं," मी म्हटलं. "पंप दाबायचा, हवा घालवायची आणि बाहेर येऊन आत्मा गेला म्हणायचं. गाडी उभी राहिली की डिझेल टाकीत परत उतरतं, नळीत हवा शिरते. मग आत्मा परत येतो आणि त्याच्यामागोमाग महाराजही."

मेकॅनिकनं गाडी बंद करून टाकीकडून येणारी जुनी नळी उपटली आणि सगळ्यांसमोर वाकवली. रबरावरची भेग ओठासारखी उघडली.

"इथून ओढते हवा. नवीन बसवली की झालं." मग तो सासूबाईंकडे वळला. "काकू, पण मी तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं ना फोनवर? पहिल्यांदा त्रास द्यायला लागली तेव्हा?"

"काय सांगितलं होतं?" मी विचारलं.

"हेच की आत इंजिनात काही नाही, हे बाहेरचं आहे. बाहेरची हवा धरतेय. गाडी पाठवा, लगेच करून देतो. नंतर कुणी आलंच नाही."

सासूबाईंनी नातीला हळूच खाली ठेवलं.

"बाहेरचं आहे म्हणालात," त्या म्हणाल्या. "बाहेरची हवा म्हणालात. मला वाटलं..."

काय वाटलं ते त्यांना सांगावं लागलं नाही. माणसाला जशी बाहेरची बाधा होते, तशी गाडीला झाली, एवढंच त्यांनी ऐकलं होतं. मुलाला निरोप न देता त्यांनी महाराजांना गाठलं होतं. महाराजांनी चादर धरली, गाडी चालू झाली आणि गॅरेजचा विषय मिटला.

महाराज कधी सटकले ते कळलंच नाही. चादर तेवढी जमिनीवर राहिली होती.

"डॉक्टर," सासूबाईंनी विचारलं. "तेव्हाच नळी बदलली असती तर?"

खोटं सांगून त्यांना सावरावं असं क्षणभर वाटलं. पण खोट्या आधारानंच त्यांना इथवर आणलं होतं.

"तर त्या सकाळी गाडी चालू झाली असती," मी म्हटलं. "तो वाचला असता का, हे मी सांगू शकत नाही. पण हॉस्पिटलच्या दारात पोचला असता."

त्या गाडीला धरून खाली बसल्या. सून पुढे झाली नाही आणि मी तिला दोष देत नाही. मेकॅनिकनं नवी नळी बसवली, माझी परत दिली. सुनेनं बॅग मागे टाकली, मुलीला भावाच्या मांडीवर दिलं आणि स्वतः त्या सीटवर बसली. चावीवर हात ठेवून ती थोडा वेळ तशीच राहिली. मग फिरवली, आणि गाडी एका दमात चालू झाली.

"परत येशील ना?" सासूबाईंनी विचारलं.

"मला माहीत नाही, आई."

गाडी फाटकाबाहेर गेली. गर्दी पांगता पांगता वरच्या मजल्यावरची एक शेजारीण, उशिरा आलेली, सासूबाईंपाशी थांबली. "काय हो, निघालं का शेवटी गाडीतलं बाहेरचं?"

सासूबाईंच्या हातात ती फाटकी नळी होती. कधी उचलली कोण जाणे.

"बाहेरचं काही नव्हतं," त्या म्हणाल्या. "नळीला भेग होती. मी विचारलंच नाही, म्हणजे काय म्हणून. तुम्हाला कुणी काही सांगितलं, कळलं नाही, तर विचारा. दोनदा विचारा. ज्याला त्यातलं कळतं त्याला विचारा." आणि शेजारणीच्या समोर त्यांनी नळी वाकवून दाखवली.