चायना माल

मित्रांनो, हा अजीम मला 'चायना माल' म्हणतो. चामोर्शीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान काय टाकलं, जिभेला हाडच राहिलं नाही. म्हणे ही टिकणार नाही! त्याच्या दुकानातला चार्जर एक पावसाळा काढत नाही, आणि मी त्याच्या खापरपणजोबाला रांगताना पाहिलंय.

मी लोणच्याची जुनी बरणी. चीनच्या दक्षिणेला, समुद्राकाठी माझी माती मळली. कान जोडताना कुंभारानं आतून अंगठा दाबला. कुंभार गेला, अंगठ्याचा खळगा राहिला. मग मला गलबतात चढवलं, पोटात खलाशांचं पिण्याचं पाणी भरलं. पाणी सरत आलं की ते माझ्या तोंडाशी वाकत आणि घरच्यांना हाका मारत. वादळात कितीक बुडाले. हाका माझ्यात राहिल्या.

वाटेत ब्रह्मदेशातलं मर्तबान बंदर लागलं, त्याचंच नाव मला चिकटलं. पुढे तेलुगू मुलखात उतरले, बैलगाडीनं सिरोंच्याला आले, तिथल्या तेलुगूत 'जाडी' झाले. इकडे आले आणि बरणी. नावं बदलली, पोट तेच.

अजीमची आजी हाजरा मला मर्तबानच म्हणे. हात कोरडा पुसल्याशिवाय कुणाला शिवू देत नसे. लोणचं भरण्याआधी आत वाकून सगळ्या घरादाराच्या चुगल्या सांगे. बोलायची हिंदीत, पण राग आला की इथल्या बोलीत. तिचा अंगठा त्या खळग्यात नेमका बसे. ती गेली आणि मी कोपऱ्यात धूळ खात पडले.

परवा भर दुपारी अजीमनं मला अंगणात आडवं केलं. बुडाला भोक पाडून कुंडी करायची होती. त्याची बायको आयशा म्हणाली, राहू द्या, दादीची आहे. त्यानं हसण्यावारी नेलं. मित्रांनो, भोकातून पाणी जातं तसे आवाजही जातात. मग त्या बुडालेल्यांनी राहावं कुठे? आणि हाजरानं?

आत काही उरलंय का, म्हणून त्यानं हात घातला. घामेजला अंगठा त्या खळग्यात गेला आणि तिथेच थबकला. गंमत म्हणून त्यानं तोंडाशी वाकून विचारलं, "कोण आहे आत?"

मित्रांनो, जुन्या वस्तूला कधी रिकामी समजू नका. इतकी वर्षं मी सगळ्यांचं ऐकून घेतलं होतं. त्या दुपारी पहिल्यांदा बोलले, आणि आवाज हाजराचा निघाला.

"माल पक्का आहे रे, अजीम. टिकत तं माणसं नाईत. जाय, हात पुसून ये पहिले."