कुसाबाईची साक्ष

कुसाबाई आयुष्यात खोटं बोलली ती एकदाच, आणि तेही तोंडानं नाही, मानेनं. नवरा गेल्यावर पाळकसाहेबांनी विचारलं, "सहादूनं शेवटी प्रभूचं नाव घेतलं ना?" आणि हिनं मान हलवली. बस्स. तेवढ्यावर बाई तीन वर्षं अशी अडकली की धड रडताही येईना.

तुम्ही म्हणाल, यात एवढं काय? तर नाशिकरोडच्या त्या पत्र्याच्या सभागृहात चला. समोरच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटनं ख्रिस्ती मंडळीचा विश्वास लिहिलेला, सात कलमं. दर रविवारी सगळे उभे राहून ती मोठ्यानं म्हणतात. देव एकच. माणूस जन्माचा पापी. प्रभू येशूनं आपल्यासाठी वधस्तंभावर रक्त सांडलं आणि तिसऱ्या दिवशी तो उठला. चौथं कलम असं, की तारण फक्त विश्वासानं मिळतं, चांगुलपणाच्या जोरावर नाही. आणि सहावं, विश्वास न धरता जो मेला त्याला सार्वकालिक आग. कुसाबाईला वाचता येत नव्हतं, पण सातही तोंडपाठ. नुसती पाठ नव्हती हो, तिला ती खरी वाटायची. घर पेटलं तर आतल्या माणसाला आपण हाका मारतो ना, तशी ती नवऱ्याच्या मागं लागायची.

सहादू भला माणूस. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात बॉयलरवर कामाला. दर रविवारी बायकोला सायकलवर डबलसीट आणून सोडायचा आणि स्वतः समोरच्या टपरीवर चहा पीत बसायचा. कुणाच्या घरावर पत्रा ठोकायचा असो की मयताला खांदा द्यायचा असो, सहादू पुढं. पण सभागृहात पाऊल टाकेल तर शपथ! "कुसे, आगीचं मला काय सांगतीस? आठ-आठ तास बॉयलरपुढं उभा ऱ्हातो मी," म्हणायचा आणि हसायचा. चौथ्या कलमात चांगुलपणाला किंमत नव्हती, आणि ह्या बाबापाशी तर तेवढाच होता.

एक्क्याऐंशीच्या मार्चमध्ये लिव्हरच्या दुखण्यानं तो दवाखान्यातच वारला. त्या दुपारी वॉर्डात ही दोघंच होती, मुलगा चंदर चहा आणायला खाली गेला होता. मंडळीच्या दफनभूमीत विश्वासणाऱ्यालाच जागा, म्हणून पाळकसाहेबांनी तो प्रश्न विचारला. हिनं मान हलवली, जागा मिळाली. तेवढ्यावर निभावलं असतं. पण रंगनाथ पाळक म्हणजे आनंद पोटात न मावणारा माणूस. शवपेटीशेजारी उभं राहून त्यांनी सांगून टाकलं, "प्रभूच्या बाजूला खिळलेल्या चोरासारखं आपल्या सहादूलाही शेवटच्या घटकेला तारण मिळालं!" शेजारची विठाबाई, मंडळीत आमेन म्हणायला कायम पहिली, ती "हालेलूया!" म्हणून ओरडली. झालं. तेव्हापासून दर मार्चला, विश्वासाचे अनुभव सांगायच्या साक्षीच्या रविवारी कुसाबाईला पुढं उभं करायचे. गोष्ट सांगायचे पाळक, ही पदर तोंडाला लावून उभी. लोकांना वाटे, बाई आनंदानं रडतेय. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

कारण सहादूनं नाव घेतलंच नव्हतं. शेवटी तो एकच म्हणाला होता, "पाणी."

खरं सांगावं तर चारचौघांत नवऱ्याला आगीत लोटल्यासारखं. न सांगावं तर रोज देवाशी खोटं. इकडं आड, तिकडं विहीर. प्रार्थनेला गुडघे टेकले की तिला विचारावंसं वाटे, देवा, ते कुठं हायत? पण विचारायचं काय, उत्तर तर भिंतीवर लिहिलेलं होतं.

चौऱ्याऐंशीच्या साक्षीच्या रविवाराआधी शुक्रवारी ती चंदरला वाढत होती. पोरगा सातपूरला कारखान्यात लेथवर, मोटरसायकलवरून शिफ्टला जाणारा, आणि बापासारखाच मंडळीच्या दाराबाहेर थांबणारा. "बाप्तिस्मा घे रे, चंदर," ती म्हणाली. "काळ काय सांगून येतो का?"

चंदर खाली मान घालून भाकरी मोडत होता. "घाई काय हाय? बाबांना शेवटच्या मिनिटाला जमलं. मलाही जमंल."

कुसाबाईच्या हातातला डाव तसाच राहिला. मेलेल्याला वाचवायला केलेलं खोटं आता जित्या लेकराच्या गळ्याला फास होऊन बसलं होतं. "तसं नाय जमत रे," ती कशीबशी म्हणाली.

"का? बाबांना जमलं ना?" आता त्यानं मान वर केली आणि तिच्याकडं बघत राहिला. "रविवारी येतो ऐकायला," म्हणून तो हात धुवायला उठला.

रविवारी खरंच आला. दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. पाळकसाहेबांनी नेहमीसारखी सुरुवात केली, "आपला बंधू सहादू..." आणि कुसाबाईनं पदर तोंडावरून काढला.

"थांबा, पाळकसाहेब. आज मी बोलते. त्यांनी नाव नाय घेतलं. त्यांनी पाणी मागितलं. सिस्टरनं चमच्यानं द्यायला सांगितलं होतं. गिलास माझ्या हातात होता. मी म्हनले, अहो, आधी नाव घ्या, मंग देते. ते परत म्हनले, पाणी. मी चमचा व्हटापाशी नेला आन् परत म्हनले, आधी नाव घ्या. मंग ते काहीच नाय म्हनले. मला वाटलं, जरा दमले."

विठाबाईचं आमेन घशातच राहिलं. पाळकसाहेब भिंतीकडं बघत राहिले. कुणी कुसाबाईला बोल लावला नाही, आणि लावणार तरी कसा? भिंतीवरचं खरं असेल तर बाईनं वावगं काय केलं होतं? शेवटी पाळकसाहेब हळूच म्हणाले, "आपण प्रार्थना करू," आणि सगळ्यांनी माना खाली घातल्या.

तेवढ्यात चंदर चपला काढून आत आला. जन्मात पहिल्यांदा. आईचा दंड धरून त्यानं तिला मागच्या बाकावर माठाशेजारी बसवलं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "त्या दुपारी चहा घेऊन आलो होतो. खाटेच्या पडद्यामागंच उभा होतो मी."

"मंग बोलला का नाय रे?"

"तवा वाटलं, तू पाणी देशीलच. नंतर वाटलं, तू सांगशील. मीबी पुढं आलो नाय, आई."

कुसाबाईनं त्याचा शर्ट दोन्ही मुठींत गच्च धरला. "ते गेले रे माझ्या हातचे. तू तरी वाच. आत्ताच्या आत्ता नाव घे, लेकरा. विश्वास धर. तुझ्या पाया पडते मी..." बोलता बोलता घशाला कोरड पडली.

चंदरनं माठात ग्लास बुडवला आणि तिच्या ओठांना लावला.

"आधी पाणी पी," तो म्हणाला.